लाल्याची खांदमळणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शेती सोसायटीचे चेअरमन आदरणीय मारुतराव आबा. शिरूरहून वेळ काढून आलेले पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण गोदामातली पोती बाजूला सारून बसलो आहोत ते बद्रुद्दीन मिस्त्री. त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या रोशनभाभी. आणि न्हावरे ते इनामगावपर्यंतच्या शिवारातून पायी, सायकलीवर, एस.टी.ला लोंबकळत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आबांनी मिस्त्रींचं कौतुक इतकं केलं की माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी सभ्यपणानं गाळली. मला तेवढा सभ्यपणा परवडत नाही, कारण ती माझ्या आईची गोष्ट आहे. आई समोरच बसली आहे. साळूबाई म्हटलं की वाडीत कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. पाहुण्यांसाठी सांगतो, ती पदर तोंडाला लावून मला गप्प बस म्हणून खुणावणारी, तीच.

मिस्त्री गोडबोले आहेत असं इथं कुणी म्हणेल का? पाना मागितल्यावर पक्कड हातात दिली तर ते सात पिढ्यांचा उद्धार करतात. पण हाताला गुण आहे. आपल्या सोसायटीचा लाल्या, म्हणजे तो जुना लाल ट्रॅक्टर, पेट्रोलवर जागा व्हायचा, रॉकेलवर राबायचा आणि मिस्त्री गावात नसले की हटकून रुसायचा.

आता आठवा तो साठ सालचा भाद्रपदी पोळा. आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी. वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं, ही आपली रीत. त्या साली बैलांना खुरकूत झालेली. तोंडाला लाळ, पाय टेकवेना. आईनं वाटी घेऊन एकेकाचा खांदा मळला आणि मग लाल्यापुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, “ह्यो बी राबतोय की. ह्येला बी खांदा असंलच.”

सगळे हसले. थांबवलं कुणी नाही. ड्रायव्हर भैरूनं बराच विचार केला आणि इंजिनावरच्या डबीच्या क्लिपा काढून दाखवलं, “आत्या, ह्येचा समदा जीव हितं. हितंच टकटक होती.” आईनं त्या टकटक करणाऱ्या दोन पॉइंटांना बोटानं भरपूर तूप लावलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. आबा, तुम्हीही वाजवल्या होत्या, आता नाही म्हणू नका!

पोळा झाला, हस्ताचा पाऊस लागला आणि उघडला. जमिनीला पेरणीजोगा असा वापसा आला की माती हातात घेऊन बघत राहावं. बैल तर गोठ्यात बसलेले. म्हणून लाल्यामागं पाभर बांधून ज्वारी पेरायची ठरली. पण लाल्या काही केल्या चालू होईना. हँडल मारून मारून पोरांचीच खांदमळणी करायची वेळ आली. लिंबू झालं, मिरच्या झाल्या. मिस्त्री होते दौंडला, भाचीच्या लग्नात. आणि वापसा काय कुणासाठी थांबतो?

मग कुणीतरी बोललं. नाव घेत नाही, ते माणूस आज हयात नाही. “साळूबाईचा हात लागला. जिच्या कपाळी कुंकू न्हाई तिनं शिवावंच कशाला?”

मंडळी, पाभरीच्या चाड्यावर मूठ धरावी ती माझ्या आईनं. बी असं सारखं पडायचं की उगवून आल्यावर ओळीत कुठं खंड दिसायचा नाही. तरुणपणी विधवा झालेल्या त्या बाईची वाडीत तीच एक ऐट होती. ती घरी आली आणि म्हणाली, “सावळा, औंदा चाड्यावर दुसरं कुणी बघा.” मी लोकांशी भांडलो. पण भांडून कुणाचा समज जातो का? मी भांडत होतो आणि आई चुलीपुढून उठत नव्हती.

भैरूनं दौंडहून मिस्त्रींना आणलं. त्यांनी डबी उघडली, बोट फिरवलं, वास घेतला आणि ओरडले, “साजूक हाय!” मग जो काही उद्धार झाला, तो पाहुण्यांसमोर सांगण्यासारखा नाही. राग ओसरल्यावर समजावलं, “ह्या दोन पॉइंटांत ठिणगीचा खेळ असतोय. मधी तूप आलं, ते जळून काळं झालं, खेळ संपला. आन् ह्यो कंडेन्सर, ह्यो जादाची ठिणगी गिळतोय म्हनून पॉइंट जळत न्हाईत. ह्यो तर तुपाच्या आधीच म्हातारा झालावता.” तो अंगठ्याएवढा डबा पाहून मला तेव्हाच वाटलं, मिस्त्रींच्या घरातला कंडेन्सर म्हणजे आपल्या रोशनभाभी! भाभी, हसा, आज मुभा आहे.

भैरू पुन्हा दौंडला पळाला. नवे पॉइंट आले, नवा कंडेन्सर आला. मिस्त्रींनी ते बसवले, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा मध्ये घालून फट जुळवली, डबी लावली. सगळी वाडी जमलेली. आणि हँडल हातात घेऊन हा माणूस नुसताच उभा राहिला.

“चाड्यावर कोण हाय?” मग स्वतःच म्हणाले, “साळूआत्याला बोलवा. खोट तुपात हुती, हातात न्हाई. माझ्या बीबीनं लावलं असतं तरी ह्येच झालं असतं. आत्याची मूठ न्हाई तर माझं हँडल न्हाई. बैलं बरी हुईस्तवर बसा मग वापसा बघत!”

आईला आणायला रोशनभाभी गेल्या. हाताला धरून घेऊन आल्या. मिस्त्री म्हणाले, “आत्या, पहिली मूठ तुमची.” दुसऱ्याच हँडलला लाल्या धडधडला. त्या साली ज्वारी कशी आली हे तुम्हाला ठाऊक आहे. माझी आई उंबऱ्याबाहेर आली, माझं पीक तेच. मिस्त्री, त्याबद्दल आभार मानायला मला आजवर शब्द सापडले नाहीत, आणि आजही सापडत नाहीत.

आता मुलाला, सुभानला, दौंडच्या रेल्वेत नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. तुम्ही निघालात, आनंदानं जा. आबांचे, पाहुण्यांचे, भोंगा लावणाऱ्या मंडळींचे मी ऋण मानतो. बोलण्याच्या भरात कुणाला ओरखडा गेला असेल तर घरचा माणूस म्हणून पदरात घ्या.

एवढंच राहिलं. निघणाऱ्याच्या हातावर दही द्यायचं असतं, आणि ते सवाष्णीनं द्यावं असं आपल्या कमिटीनं ठरवलं होतं. मिस्त्रींनी मघाशी मला बाजूला घेऊन सांगितलं, दही आत्या देणार असतील तरच मी एस.टी.त बसतो. आई सकाळपासून दह्याची वाटी पदराखाली धरून बसली आहे आणि मला विचारते आहे, “तुपानं घोटाळा केलावता, दही चालंल का रं?”

ये आई. मिस्त्रींनी हात पुढं केलाय.