पास म्हणजे भरलेला हात

फसवणूक? नाही हो साहेब, फसवणूक कसली — बसू का मी? बसते. दार लोटून घेते जरा, बाहेर ते दातांचे डॉक्टर आणि त्यांची मेहुणी कान टवकारून उभे आहेत. त्यांनीच तक्रार केली ना? करणारच. डाव गेला की बरोबर नियम आठवतात लोकांना. नाही, थांबा, तुम्ही पंच आहात, निकाल तुम्हीच द्यायचाय, पण आधी माझं ऐका. आणि एक विनंती आहे — ह्यांना आत बोलावू नका. काय विचारायचं ते मला विचारा. ब्रिजच्या टेबलावर त्यांची पार्टनर मी, घरी बायको मी, आणि बोलीची ही उलटी पद्धत माझ्याच डोक्यातून निघालीय.

उलटीच म्हणायची. बाकी सगळे काय करतात? पत्ते वाटून झाले, एक्के-राजे हातात आले, की बोली सुरू करतात. हात भिकार असला की पास. आमच्यात भरलेला हात आला की पास म्हणायचं, आणि दुऱ्या-तिऱ्यांची भरताड आली की 'एक किल्वर'. मधल्या हातांना बाकीच्या बोल्या. स्पर्धेच्या आधी तुम्हाला सगळी पद्धत समजावून सांगितली होती, तुम्ही हसलात — 'वहिनी, हे डोक्यावर उभं राहून खेळणं झालं' — आणि परवानगी दिलीत. हौस म्हणून केली का मी? मला कसली हौस! अहो, माझ्या नवऱ्याला पास सोडून दुसरं काही म्हणताच येईना, म्हणून केली.

लिफ्ट तपासायचे ते, माहितीय ना तुम्हाला? सरकारी तपासनीस. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सही केलेली एक लिफ्ट सुटली, दोन मजले खाली आली, आतल्या एका माणसाचा पाय गेला. चौकशी झाली. तर निघालं काय — तपासणीनंतर मालकाने परस्पर दोर बदललेला, स्वस्तातला. ह्यांचा काडीचा संबंध नाही. पण हे चौकशीत पहिल्या मिनिटाला म्हणून बसले, 'चूक माझी.' शेवटी चौकशीवाल्यांनीच समजूत घातली, अहो, तुमची नाही. पण ह्यांना पटलं तर ना! तेव्हापासून कशालाच हो नाही. चहा घेणार? बघू. भाजी कुठली आणू? तू ठरव. मुलीने विचारलं, बाबा, हा मुलगा कसा वाटतो तुम्हाला — तर 'मी काय सांगणार' म्हणून गॅलरीत जाऊन उभे राहिले. पोरगी किती रडली त्या दिवशी! आणि इथे टेबलावर तीन-तीन एक्के हातात घेऊन — पास. एकेकाळी ह्या हॉलमध्ये समोरचे घाबरायचे हो ह्यांच्या बोलीला.

म्हणून मी म्हटलं, माणूस पासच म्हणणार असेल, तर पासलाच मोठं करूया. अख्खा उन्हाळा ओट्यावर पत्ते मांडून बसले मी, दूध उतू जायचं, भान नसायचं. जमलं तेव्हा इतका आनंद झाला मला, वेड्यासारखी एकटीच हसत होते. आणि झालं काय — पहिल्याच संध्याकाळी ह्यांच्या हातात राजा, राणी, एक्का, सगळं दरबार भरवून बसलेलं. दिवसभर जे म्हणतात तेच, 'पास', एवढंच म्हणायचं होतं. तर हे म्हणाले, 'एक किल्वर.' म्हणजे माझ्याकडे काही नाही! घरी गेल्यावर विचारलं, तर म्हणे, 'खात्री वाटेना.' अहो, एक्क्याची कसली खात्री, एक्का तो एक्काच ना? मी पद्धत बदलली, रिकाम्या हाताला 'एक चौकट' केलं — तर हे चौकटवर. परत किल्वर केलं — परत किल्वरवर. 'माझ्याकडे काही नाही' अशी पाटी मी जिथे लावीन तिथे हा माणूस जाऊन उभा राहतो. आता मी काय करायचं, तुम्हीच सांगा. माझी बुद्धी संपली.

काय? आजचा डाव? — हो, तेच तर सांगतेय. आजही तसंच. ते 'एक किल्वर' म्हणाले, मी बेताच्या पत्त्यांवर एकदम 'तीन नो ट्रम्प'ची मोठी बोली केली आणि ती पुरी झाली. मला कसं कळलं म्हणून डॉक्टर ओरडतायत ना? अहो, कळतं! हात रिकामा असला की हे एकदा बघतात आणि मिटून ठेवतात. भरलेला असला की पुन्हा पुन्हा उलगडतात, ओठ हलतात, कपाळावर घाम येतो. मुद्दाम बघावं लागत नाही मला, समोरच तर बसलेले असतात. चेहऱ्यावरून हात ओळखणं नियमात बसत नाही, ठाऊक आहे — हे लिहू नका. नाही, लिहा हवं तर, पण माझ्या नावावर लिहा. ओळखलं मी, बोलले मी. मला एकटीला काढा. जोडी बाद केलीत तर ते घराबाहेर पडायचे नाहीत, खरंच सांगते. आठवड्यातून एकदा दाढी करतात ती इथे यायचं म्हणून. शर्टाला इस्त्री केलीस का, एवढा एकच प्रश्न आठवड्यात विचारतात मला. थांबा हो, काय ते नंतर सांगा. म्हणूनच म्हणते, त्यांना विचारू नका. 'चूक तुमची का?' असं कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, ते लगेच हो —

येऊन गेले? कधी? मी तोंड धुवायला गेले तेव्हा? ह्याच खुर्चीवर? बघा, म्हटलं नव्हतं मी! सगळं स्वतःवर घेतलं असेल.

नाही? मग? — पत्ते मोजताना गडबड झाली म्हणाले. पहिल्यांदाच झाली. बायकोने आपल्या मनाने धाडस केलं, तिला काही ठाऊक नव्हतं. बरं. आणि? — डाव आमचा आहे, एक गुणही काढू देणार नाही? हे म्हणाले? टेबलावर हात आपटून? साहेब, दुसऱ्या कुणाशी गल्लत होत नाहीये ना तुमची?

खोटं बोलले हो ते. धडधडीत खोटं. दोन वर्षांत कुणाकडे काही मागितलं नाही त्यांनी, आणि आज — आणि तुम्ही मानलं होतं? पहिलीच चूक म्हटल्यावर गुण तसेच राहणार होते? हेच सांगत होतात का मला मघापासून?

मग मी आत्ता जे बोलले — ती पहिली संध्याकाळ, ते चौकट, तो घाम — ते काही... नाही. कसं विसराल? तुम्ही पंच आहात.

लिहा. लिहा तुम्ही. हे बाहेरच उभे आहेत ना? काचेतून दिसतायत. डॉक्टरांशी बोलतायत — हसतायत चक्क.

दार तुम्ही उघडा, साहेब. मला नाही उघडता यायचं.