आतून लागणारी कडी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे समितीचे मान्यवर सदस्य, आजचे सत्कारमूर्ती आणि आपणा सर्वांचे साहेब, 'आता हे दिवसभर घरातच असणार' या काळजीने पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, विभागातले इंजिनिअर, सुतार, प्लंबर, कारकून मंडळी, आणि चाकांवर, कुबड्यांवर, काठीवर किंवा नुसत्या हट्टावर इथवर आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

एरवी मी बोलायला आले की माईकची मान खाली ओढायला दोन माणसं धावतात. आज तो आधीच माझ्या तोंडासमोर होता. निरोपाच्या दिवशीही साहेब सभागृहात लवकर येऊन काय करत होते, ते मला कळलं.

आधीचे वक्ते साहेबांच्या पदव्यांबद्दल आणि बढत्यांबद्दल बोलले. छानच बोलले. मी शिंपीण आहे. 'मला काही भाषण येत नाही' असं सुरुवातीला म्हणायची पद्धत असते, पण ते धडधडीत खोटं ठरेल; माझ्या सासूबाई तिकडे बसल्यात, त्यांना विचारा. मी फक्त एका न्हाणीघराची गोष्ट सांगणार आहे. "भरल्या सभेत न्हाणीघर काढणार तू?" असं आमचे हे सकाळी म्हणाले. मी म्हटलं, साहेबांचा सत्कार आणि न्हाणीघर नाही, मग बोलायचं तरी काय?

दुकानात वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढताना शिडी घसरली आणि माझं कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं. अपंगांची घरं त्यांना वापरता येतील अशी करून देणारा हा आपला विभाग; मी इस्पितळात असतानाच याची माणसं आमच्या घरी मापं घ्यायला गेली. मोठी तत्पर माणसं! बाई घरी यायच्या आत काम तयार हवं. पण मापं घ्यायची कुणाची? मी तर खाटेवर. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की यजमानांनाच चाकांच्या खुर्चीत बसवा. आता हे बसचालक, ताडमाड उंच, हात हे एवढे लांब. बिचारे आज्ञाधारकपणे बसले. हात वर करा म्हटल्यावर वर केले, बाजूला करा म्हटल्यावर बाजूला केले. मापाशिवाय कात्री लावू नये, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. कुणाचं माप, हे सांगावं लागत नाही!

मी घरी आले. न्हाणीघर चकाचक. दांडे, बेसिन, नळ, सगळं होतं, आणि सगळं यांच्या मापाचं. बेसिन माझ्या हनुवटीला लागायचं. दांडा धरायला जावं तर हाताला नुसती भिंत. आणि दाराची कडी तर कुणी हलवलीच नव्हती. ती होती तिथेच, उभ्या माणसाच्या खांद्याशी. मी यांना म्हटलं, "अहो, आता तुम्हीच एकदा शिडीवरून पडा. निदान खर्च तरी सार्थकी लागेल." हसावं की रडावं हे ठरवायला यांना जरा वेळ लागला.

आज हसून सांगतेय, तेव्हा हसू येत नव्हतं. रोज सकाळी हे मला उचलून आत न्यायचे. सासूबाई दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या, तरी दार अर्धं उघडंच. पलीकडे मुलगी मोजे शोधतेय, कुणीतरी बेल वाजवतंय. दुकान चालवणारी, कारागिरांना धाकात ठेवणारी बाई मी, आणि मला दार लावून अंग धुता येत नव्हतं. पायांचं दुःख मी कसंबसं गिळलं होतं. हे गिळता येईना.

विभागाकडे गेलो, तर म्हणे काम पूर्ण झालंय. एका घराला एकदाच. वर फुकटचा सल्ला मिळाला, की गावाबाहेर निवासी केंद्र आहे, तिथे सगळं मापात आहे, ताईंना तिथे ठेवा. दिरांनी चौकशीही केली. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, वहिनीचे हाल बघवत नव्हते त्यांना. माझ्यासोबत कपडे किती द्यायचे, इथवर बोलणं आलं. तेव्हा मी ओरडले, "मला माझ्या घरात राहायचंय आणि दार लावून आंघोळ करायचीय! मी काय राजवाडा मागतेय?"

कामावर शेवटची सही तेवढी राहिली होती. ती करायला साहेब आले. विभागात अगदी नवे. पेन काढलं आणि सही करण्याआधी मला म्हणाले, "ताई, जरा हात धुऊन दाखवता?"

मी म्हटलं, "हे घरी आले की दाखवतील. नळ त्यांचा आहे."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. सही झाली नाही. आणि काही दिवसांनी अख्खी समिती आमच्या घरात!

अध्यक्ष महोदय, सांगू ना पुढचं? हसताय, म्हणजे परवानगी आहे. आपण तेव्हा समितीत नुकतेच आला होतात आणि उंबऱ्यातच म्हणालात, "नियम म्हणजे नियम." साहेब शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. मग एकदा बसून बघा. अट एवढीच, पायांवर उठायचं नाही." आपण ऐटीत खुर्चीत बसलात, आत गेलात, दार लोटून घेतलंत. दार आतल्या बाजूला उघडणारं. आता खुर्ची वळेना आणि दार उघडेना. आम्ही सगळे बाहेर चहाचे कप घेऊन उभे. आधी आतून खोकला आला, मग बादली लवंडल्याचा आवाज, आणि मग सभा गाजवणारा आपला तो आवाज अगदी बारीक होऊन आला, "बाहेर कुणी आहे का?"

आपण घामाघूम होऊन बाहेर आलात आणि तिथल्या तिथे म्हणालात, "हे काम पूर्ण झालेलं नाही." असं चारचौघांत म्हणायला मोठं मन लागतं. टाळ्या खरं तर तिथे हव्यात. ...धन्यवाद.

तरी एक शंका राहिलीच. आतून कडी लावली आणि बाई आत पडली तर? ही शंका समितीची होती, त्याहून जास्त सासूबाईंची होती. साहेबांनी दार बाहेर उघडणारं केलं, कडी माझ्या कोपराच्या उंचीवर आणली, आणि ती अशी बसवली की वेळ पडली तर बाहेरून खाचेत नाणं फिरवून उघडता यावी. नाणं सासूबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पण आधी विचारायचं हं, आजी."

तो दिवस! माझ्या मापाचं न्हाणीघर. मी आत गेले, दार ओढलं, कडी सरकवली. अंगावर पाणी घेतलं आणि पाण्याबरोबर इतक्या दिवसांचं रडू वाहून गेलं. कुणी बघायला नव्हतं, म्हणून मनसोक्त रडले. शेवटी हातातून पाण्याचा मग निसटला आणि फरशीवर धाडकन आपटला. बाहेर एकच धावपळ. हे धावले, सासूबाईंनी नाणं खाचेत घातलंसुद्धा. तेवढ्यात सहीसाठी बाहेर थांबलेल्या साहेबांचा आवाज आला, "थांबा! आधी विचारा."

सासूबाईंनी विचारलं, "सूनबाई, पडलीस का गं?"

मी आतून ओरडले, "मग पडलाय! मी नाही!"

त्या दिवसापासून विभागात साहेबांना थांबासाहेब म्हणतात. साहेब, तुम्हाला माहीत नव्हतं? आता झालं. आणि त्या दिवसापासून हा विभागही बदलला. ज्याचं घर, त्याच्याशिवाय आता माप घेत नाहीत. ज्याला जे स्वतःच्या हाताने करायचंय, ते त्याने करेपर्यंत सही होत नाही. एका आजोबांना नातवासाठी फक्त दिवा लावायचा होता. बटण खाली आणलं, आजोबांनी दिवा लावला, विझवला, लावला, विझवला. आमचा इंजिनिअर सहीचं पेन हातात घेऊन उभाच! गावाबाहेरच्या त्या केंद्रातून किती जण आपापल्या घरी परतले, ते या सभागृहाकडे नुसतं वळून बघितलं तरी कळेल. आपण जिंकलोय, मंडळी! हे मला आज मोठ्याने म्हणायचं होतं.

साहेब, तुमची जागा दुसरं कुणी घेईल, पण सहीआधीच्या तपासणीचं काम समितीने माझ्याकडे दिलंय. खुर्चीची सोय करू का, असं कार्यालयातून विचारलं. मी म्हटलं, माझी मी आणते.

आपण सर्वांनी मला ऐकून घेतलंत, वहिनींनी इतकी वर्षं साहेब आम्हाला उसने दिले, त्याचे उपकार फिटणार नाहीत. बोलण्याच्या भरात कुणाला चिमटा बसला असेल, थोरामोठ्यांची पायरी ओलांडली गेली असेल, तर घरची समजून पोटात घाला. मी आता रजा घेते, कारण सकाळी लवकर निघायचंय. उद्या एका शिक्षिकेच्या घरी माझी पहिली तपासणी आहे. ती आत जाईल, कडी लावेल आणि मी बाहेर बसेन. ती किती वेळ लावेल कोण जाणे. लावू दे.