आमच्या घरचा अंगठा

काय सांगू तुम्हाला, वही घेऊन आलाच आहात तर लिहा, लोकांची घराणी तलवारीपासून सुरू होतात, आमचं सुईपासून होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौज इकडे आली, तिच्याबरोबर आमचे मूळपुरुष आले म्हणतात, आणि लहानपणी मला वाटायचं की ते घोड्यावर बसून आले असणार, तर माझी आजी म्हणाली, कसला घोडा घेऊन बसलीस, फाटलेले तंबू शिवायला आणलेले शिंपी आपण, सगळ्यात मागच्या बैलगाडीत बसून आलो. फौज पुढं गेली, आम्ही बंगळूरलाच राहिलो. कुणाचा तरी तंबू अर्धा राहिला असेल, दुसरं काय. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडायला लागलो की दोन्ही.

मी मंजुळा. वय चोपन्न. जे. पी. नगरात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, कुच्चूवाल्या मंजुळाक्का कुठं राहतात म्हणून, आणून सोडतील. कुच्चू म्हणजे रेशमी साडीच्या पदराला खाली गोंडे असतात ना, ते. इथं लग्नातली साडी कुच्चूशिवाय कुणी नेसत नाही. रेशमाचा झुपका पदराच्या काठातून ओवायचा, दुमडायचा, आणि त्याच्या मानेला जरीचा दोरा गच्च गुंडाळायचा. गुंडाळताना झुपका अंगठ्यात आणि बोटात चिमटून धरावा लागतो, जरा सैल सोडला की संपलं, गोंडा केरसुणीसारखा दिसतो. म्हणजे माझा सगळा धंदा एका अंगठ्यावर, आणि देवानं मला अंगठा दिला तो असा.

त्या अंगठ्याचं सांगते, कारण गोष्ट त्याचीच आहे, मी आपली त्याच्या मागं मागं. माझ्या माहेरी एक रीत होती. बारशाला, बाळाचं नाव ठेवायच्या आधी, घरातली सगळ्यात मोठी बाई बाळाचा अंगठा धरून हळूच मनगटाकडं वाकवायची. अंगठा मनगटाला टेकला की ती मोठ्यानं म्हणायची, आली आमची, किंवा आला आमचा, आणि सगळ्यांच्या तोंडात गूळ. माझा टेकला. आजी सांगायची, नुसता टेकला नाही, चिकटला. पुढं तर मी लग्नाकार्यात खेळच करायचे, अंगठा मागं, कोपर उलटं, करंगळी पार आकाशाला, आणि बायका म्हणायच्या, अय्यो, रबराची आहे की ही. मला बघायला आले तेव्हासुद्धा काकूनं कौतुकानं अंगठा वाकवून दाखवायला लावला. नवरा मुलगा, म्हणजे आमचे हे, पोह्याचा घास तोंडात तसाच ठेवून बघत राहिले. नंतर म्हणाले, मला वाटलं ह्या मुलीला काहीही सोसेल.

नापास झाला तो एकटा माझा धाकटा भाऊ रघू. त्यानं बारशाला मूठच उघडली नाही. आजीनं पुष्कळ प्रयत्न केला, शेवटी वैतागून म्हणाली, हा दवाखान्यात बदललेला दिसतो. गंमतच होती, पण घरात ती गंमत पन्नास वर्षं चालली. रघू जास्त जेवला तरी तेच, परीक्षेत पहिला आला तरी तेच. आणि त्याला गूळ मिळाला नव्हता, हेही तो प्रत्येक बारशाला आठवण करून द्यायचा.

आणि एक होती गंगूआत्या. तिचा अंगठा तर आमच्या सगळ्यांपेक्षा वाकायचा. तिच्या हातून सारखं काहीतरी पडायचं, तांब्या, कप, एकदा अख्खं साराचं पातेलं. चालता चालता पाय मुरगळायचा, मग दोन दोन दिवस पडून राहायची. सगळे म्हणायचे, कामचुकार आहे. मीही म्हटलंय. मी तर तिची नक्कल करायचे, आणि लोक हसायचे, आणि आत्यापण हसायची. आता ते हसणं आठवलं की मला बसवत नाही. असो, पुढं सांगते.

चाळिशी ओलांडली आणि माझा अंगठा मुळापासून निसटायला लागला. कुच्चू बांधता बांधता टक्क, आणि हाड बाहेर. मी डाव्या हातानं दाबून परत बसवायचे आणि पुढचा गोंडा घ्यायचे. गिऱ्हाईक बाई समोर बसली असेल तर दचकायची, काय वाजलं हो अक्का? मी म्हणायचे, काही नाही, खुर्ची जुनी आहे. माझी लेक मेघना त्या खुर्चीला फसली नाही. ती एचएसआर लेआउटला राहते, तिथंच ऑफिस, आणि तिचे स्वतःचे गुडघे आणि खांदे दुखून दुखून ती डॉक्टरांकडे गेलेली. एक दिवस मलाही उचलून घेऊन गेली.

डॉक्टरांनी काय केलं असेल? माझा अंगठा धरला आणि मनगटाला टेकवला. मी खो खो हसायला लागले. मेघना म्हणाली, आई, गप्प बस. पण हसू आवरेना, कारण मला वाटलं आता हे गूळ देणार. मग त्यांनी कोपरं बघितली, गुडघे बघितले, बोटं बघितली, माझे सगळे खेळ एकेक करून करायला लावले, आणि म्हणाले, अम्मा, ह्याला हायपरमोबिलिटी म्हणतात, जन्मापासूनचा आजार आहे, सांधे धरून ठेवणारे बंधच सैल असतात, आणि तो घराण्यात चालत येतो. म्हणजे बघा, ज्याला आम्ही घराण्याचा शिक्का म्हणत होतो तो आजार निघाला, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तो तपासून गूळ वाटत होतो, आणि गंगूआत्याला कामचुकार म्हणत होतो! आणि वर डॉक्टर म्हणाले की बाळं सगळीच लवचिक असतात, त्यावरून बारशाला काही कळतच नाही. त्या दिवशी रघूचा फोन आला. म्हणाला, पन्नास वर्षं मला बदललेला म्हणालात ना, आता आपापले अंगठे बदलून घ्या. मोठ्यानं हसला, आणि मग थांबून म्हणाला, अक्का, फार दुखतं का ग? तेव्हा मी रडले. नाहीतर मी रडणारी बाई नव्हे.

पहिलं ऑपरेशन बंध घट्ट करायचं झालं. वर्षभरात परत सैल. मला ते बरोबर समजलं, कारण माझं कामच ते आहे. गाठ उत्तम मारली होती हो, पण दोराच ताणला जाणारा, गाठ काय करील? मग अंगठ्याचं इतकं झालं की दात घासताना ब्रश धरवेना, आणि डॉक्टर म्हणाले, आता सांधाच बंद करू. अंगठ्याच्या मुळाशी दोन हाडं आहेत, ती घासून, पट्टी आणि स्क्रू घालून एक करायची, मग तिथं निसटायला काही राहणारच नाही. पण तिथं हलायलाही काही राहणार नाही, आणि एकदा जुळलं की परत उघडता येणार नाही. म्हणून कोन कुठला ठेवायचा ते आधी नीट ठरवू, तुमचं काम घेऊन या.

मी एक अर्धा बांधलेला पदर घेऊन गेले. दवाखान्यात माझ्या मांडीवर लाल रेशमी साडी पसरलेली, शेजारची म्हातारी विचारतेय, कुणाचं लग्न? मी डॉक्टरांच्या समोर एक कुच्चू बांधून दाखवला, त्यांनी पेनानं माझ्या हातावर रेघा काढल्या आणि म्हणाले, ह्या कोनात तुमची पकड मरेपर्यंत सुटणार नाही, पण तळहात पूर्ण सपाट होणार नाही, अंगठा आत दुमडणार नाही. जरा उघडा ठेवला तर हात सपाट होईल, पण मग हे बारीक काम जमणार नाही. पंधरा दिवस ह्याच कोनात कडक पट्टा बांधून देतो, घरी जगून बघा, मग मला सांगा.

घरी जगून बघायला काय, मी जगतच होते की. पण त्या पंधरा दिवसांत हाताला काय काय लागतं ते कळलं. देवाला हात जोडले तर दोन तळव्यांच्या मध्ये खिडकी. बांगड्या जाईनात. एरवी माझा हात इतका घडी व्हायचा की बांगडीवाला शाळेतल्या मुलींच्या मापाच्या भरायचा आणि चार लोकांना बोलावून दाखवायचा. अक्की रोट्टी तर राहूच द्या. तांदळाचं पीठ तव्यावर थापायचं म्हणजे हात सपाट हवा. यजमान म्हणाले, मी करतो, त्यात काय आहे. ते होसकोट्याच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले, हाताला काम हवंच होतं. त्यांची रोट्टी स्वल्प जाड होती. स्वल्प म्हणजे, मेघना म्हणाली, अप्पा, ही खायची की पायरीला लावायची? पण रोज सकाळी ते माझ्या ब्लाउजचे हूक लावायचे, चष्मा लावून, श्वास धरून, आणि एखादा चुकला की पहिल्यापासून सगळे काढून परत. म्हणायचे, नटबोल्ट बरे होते ग मंजू, ते लाजत नाहीत. मी म्हटलं, मी कुठं लाजतेय, लाजताय तुम्ही.

आणि कुच्चू? एका दुपारी चार तास सलग बसले. एकदाही टक्क झालं नाही. साडी संपली तेव्हा कळलं की मी इतकी वर्षं प्रत्येक गोंड्याला दात आवळून बसत होते, आणि आज जबडा दुखत नव्हता.

तर तुम्ही म्हणाल, मग ठरलंच की. नाही हो. कारण त्याच महिन्यात मेघनाची छोकरी आमच्याकडे होती, दोन महिन्यांची. तिला पाठीवर थोपटून झोपवायचं तर हात सपाट हवा असं माझ्या डोक्यात बसलेलं. पट्ट्याच्या हातानं थोपटायला गेले की वाटायचं, आजीचा हात नाही हा, कुणीतरी लाकडाचा चमचा धरलाय. काम धरावं की नात धरावी, मला ठरवता येईना. यजमान म्हणाले, तुझा हात, तू सांग. डॉक्टर म्हणाले, तुम्ही सांगा. आयुष्यात पहिल्यांदा सगळे माझं ऐकायला तयार, आणि माझ्याकडे सांगायला काही नाही.

मग बारसं आलं. मुद्दाम उशिरा ठेवलेलं, सगळ्यांना जमावं म्हणून. आता माहेरची सगळ्यात मोठी बाई मीच. पाळण्याजवळ सगळे जमले, रघूची बायको गुळाची वाटी घेऊन उभी, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. मेघना पाळण्याची कड घट्ट धरून उभी राहिली, आणि मी बघितलं तर कडेवरची तिची बोटं पांढरी पडलेली. माझ्यासारखीच बोटं, उलटी वाकलेली. मला गंगूआत्या आठवली, पातेलं सांडल्यावर हसणारी.

मी पाळण्यात हात घातला. वाकवायला नाही हो, नुसता गालाला लावायला. तर त्या पोरीनं पट्ट्यातून बाहेर आलेलं माझ्या अंगठ्याचं टोक पकडलं, आणि ओढायला लागली. काय जोर! मी डोळेच मिटले, आता टक्क होणार म्हणून, कारण मेघना लहान असताना असंच ओढायची, तेव्हा टक्क नव्हतं पण कळ यायची, आणि मी दरवेळी हात सोडवून घ्यायचे. पोर आईला धरायला येई आणि आई हात काढून घेई, आणि का ते मलासुद्धा माहीत नव्हतं. पण अंगठा जागचा हलला नाही. ती ओढत राहिली आणि मी धरू दिलं. कितीतरी वेळ.

मग मी मोठ्यानं म्हटलं, आली आमची.

रघूची बायको म्हणाली, अहो पण अंगठा वाकवला कुठं? मी म्हटलं, आजपासून असंच, ज्याला धरायचं त्यानं धरावं, गूळ वाट. मेघनाच्या बोटांत परत रक्त आलेलं मी बघितलं. आणि मागून रघू, पन्नाशीचा बाप्या, टक्कल पडलेला, म्हणतो, अक्का, मग मी पण आलो का? मी म्हटलं, ये की मेल्या, आणि गुळाचा मोठा खडा त्याच्या तोंडात कोंबला. त्याला बोलता येईना, डोळ्यांत पाणी, म्हणे खडा मोठा होता.

डॉक्टरांना सांगून टाकलं, हाच कोन ठेवा. परवा सकाळी ऑपरेशन. मग दीड-दोन महिने प्लास्टर, ह्यांच्या जाड रोट्ट्या, आणि हूक. जुळेल ना म्हणून भीती वाटते, खोटं कशाला सांगू, आमच्या शरीराचा काही भरवसा नाही. दाताच्या डॉक्टरकडे मला भूल लागत नाही, ते मी भुलीच्या डॉक्टरांना तीनदा सांगून आलेय. आणि हा एक झाला, बाकीचे सांधे रांगेत उभे आहेतच. सरी, बरं म्हणायचं, ज्याचा नंबर येईल त्याचं बघू.

सगळं लिहून झालं का? मग या, जाताना खाली वाका. हात सपाट होणार नाही आता, वाटीसारखाच राहील. तसाच ठेवते तुमच्या डोक्यावर. काल नातीच्या डोक्यावर ठेवून बघितला, बरोबर बसला. डोकं गोलच असतं की हो.