डाव्या पायावर ठेवलेला हात

मंडळी, मला खुर्ची नको. बसलो तर बोलायचं राहून जाईल. दामूभाऊंना जाऊन आठ दिवस झाले, आणि आठ दिवस मी घरात नुसत्या येरझारा घालतोय. बायको म्हणाली, अहो, एकदाचं जाऊन बोला. म्हणून आज दामूभाऊंच्या गावी, कोलशेतला, या शोकसभेत तुमच्यासमोर उभा आहे. वहिनी, मी जे सांगणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. पण ऐका.

दामूभाऊ आमच्या ठाण्याच्या केंद्रात सीटी स्कॅनचं मशीन चालवायचे. मी तिथला डॉक्टर. काही जणांच्या हाडात डाळीच्या दाण्याएवढी गाठ होते. एवढीशी गाठ, पण माणसाला रडवते. पूर्वी हाडाचा तुकडाच कापून काढायचे, मग महिनोन्‌महिने प्लास्टर. आम्ही नवीन सुरू केलेलं. स्कॅनवर बघत हाडात सुई घालायची, तिचं टोक तापवायचं, गाठ जागच्या जागी जाळायची. दुसऱ्या दिवशी पेशंट चालत घरी. मी फार मिरवायचो.

दामूभाऊंची एक सवय होती. पेशंटचे मोजे ते स्वतः कधी काढत नसत. पेशंटलाच काढायला लावायचे आणि बघत उभे राहायचे. म्हणायचे, दुखऱ्या पायातला मोजा माणूस जपून काढतो. आम्ही हसायचो.

गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, मोहने गावची वैशाली आली. कॉलेजातली मुलगी, उजव्या नडगीत गाठ. तिला भूल दिली. दामूभाऊ तिला टेबलावर नीट झोपवत होते आणि मला घाई. मशीनला सांगावं लागतं, पेशंट डोक्याकडून आत जातोय की पायांकडून. ते काम दामूभाऊंचं. मी म्हटलं, त्यात काय एवढं, आणि मीच बटण दाबलं. चुकीचं दाबलं. त्या एका बटणाने पडद्यावर उजव्याचं डावं होतं. मी पडदा बघितला आणि तिच्या डाव्या, धडधाकट पायावर शाईने खूण केली. सुई हातात घेतली.

दामूभाऊ म्हणाले, साहेब, पाय दुसरा. मी ओरडलो. ज्या माणसाला सात वर्षं अहो-जाहो केलं, त्याला सगळ्यांदेखत अरे-तुरे केलं. मला शिकवू नकोस, पडदा बघ. त्यांनी पडदा बघितलाच नाही. त्यांनी तिला मोजे काढताना बघितलं होतं. त्या खुणेवर स्वतःचा पंजा ठेवला.

"साहेब, सुई घालाची हाय त माज्या हातातून घाला."

मग तपासलं. चूक सापडली. पुन्हा स्कॅन केला, उजव्या पायात सुई घातली, गाठ जळाली. पण तासभर उशीर झालेला. बाहेर तिचे वडील कासावीस. डाव्या पायावर शाई कसली, डॉक्टर? आणि मी म्हणालो, टेक्निशियनची चूक झाली होती, मी सावरली.

एवढंच बोललो. ते केंद्राच्या मालकांच्या कानावर गेलं आणि महिन्याभरात दामूभाऊंना घरी बसवलं. मी मध्ये पडू शकत होतो ना? नाही पडलो. गावात तुम्हीही ऐकलंत ना, की दामूच्या हातून पोरीचा पाय जाणार होता? वहिनी, तुम्हीही ऐकलंत.

पुढे ते डोंबिवलीला एका एक्स-रेच्या दवाखान्यात लागले. एकदा मी तिथे गेलेलो. विचारलं, तुम्ही खरं का नाही सांगितलंत? ते फिल्म सुकायला लावत होते. आधी विचारलं, पोरगी चालते ना? मग म्हणाले, "तुमचं नाव घेतलं असतं त ती सुईच बंद केली असती, साहेब. मंग परत पोरांची हाडं कापाला लागले असते."

मला तेव्हा काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. लाज वाटते आज, पण तसंच वाटलं.

वैशाली वडिलांबरोबर आली आहे. ती मागे उभी आहे. तिलाही हे आत्ताच कळतंय. बाळ, चूक माझी होती. दामूभाऊंची नव्हती. मालकांना मी काल तसं लेखी दिलं आहे, माझं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. पण ज्यांच्या तोंडावर हे बोलायला हवं होतं, त्यांना भेटूनही मी ते वर्षभर टाळलं. आता कुठे शोधू त्यांना?

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. दामूभाऊंना मनातल्या मनात नमस्कार करू. वहिनी, तुम्ही बसूनच राहा. आणि मी समोर असताना तुम्हाला ते जमणार नसेल तर नुसती मान हलवा, मी बाहेर जाऊन उभा राहतो.