कवडूची हाक

आर्वीच्या मोटारस्टँडवर माझ्या शेजारी एक नवराबायको बसले होते. नवऱ्याच्या डोक्याला पांढरी पट्टी होती. पलीकडच्या म्हातारीने विचारलंच.

"काय झालं वं, बाई?"

"कापसाच्या गाडीवरून पडले. डोक्यात रक्त साचलं. नागपूरच्या डाक्तरनं कवटीले भोक पाडून काढलं."

"अगं माय! मंग?"

"मंग डोळेच उघडेनात. डाक्तर म्हणे, हाक मारा. मी म्हटलं, 'अवो, गुलाबचे बाबा!' काईच नाई. डाक्तर म्हणे, नावानं मारा!"

"नवऱ्याचं नाव? चारचौघांत?"

"काय करतो? पदर तोंडावर घेतला अन् वरडली, 'कवडू!'"

नवरा हसला. "मले वाटलं, माय काठी घेऊन उठवून राह्यली. उठलोच! एक डाव अजून नाव घे ना वं."

"आता कायले? चला, मोटार आली."

नवऱ्याने डोळे गच्च मिटले.

"अवो, उठा!"

तो हलेना.

"अवो, मोटार जाईन ना!"

तरी हलेना. म्हातारी म्हणाली, "घे वं बाई, नाव. मी कान झाकतो."