कुलूप बाहेर, मी आत

...आणि त्या साहेबांनी लिहिलं काय, माहितीये? 'घर बंद. राहणारं कोणी नाही.' अहो, मी आत होतो! तुम्हाला सांगतो, आत म्हणजे अगदी आत, आमचं घरच मुळी एवढं की खाटेवरून हात लांबवला तर कडीला लागेल, आणि त्या खाटेवर मी, भाईदास, चांगला जिवंत, छताकडे बघत पडलोय, आणि दारापलीकडे साहेब लिहितायत... कोणी नाही!

नाही, थांबा, तुम्हाला वाटेल म्हातारा भ्रमिष्ट झाला. मुळापासून सांगतो. बमरोलीला आमचा फ्लॅट. फ्लॅट आमचा, पण खालची जमीन हाउसिंग बोर्डाची, लीजवर. घेताना कोण बघतं हो लीजबीज? नंदुरबारकडून हद्द ओलांडून इथं कापडाचे लूम चालवायला आलेला माणूस मी, डोक्यावर छप्पर मिळतंय म्हटल्यावर पायाखालची जमीन कोणाची हे विचारायला सवड कुठंय? तर ती लीज यंदा संपली. वाढवून घेतली नाही तर घर बोर्डाकडे परत. आणि वाढवून कधी देणार, तर साहेब येऊन बघणार, ज्याच्या नावावर घर आहे तो खरंच राहतो का, की कुलूप घालून गावाला जाऊन बसलाय. बरोबर आहे त्यांचं, बघावंच की! पण मी आत होतो ना!

मग कुलूप कोणी लावलं म्हणता? मीच. आतून. म्हणजे कुलूप बाहेरूनच, पण लावलं आतून. जाळीचं दार आहे, आतून जाड पडदा; जाळीतून हात बाहेर काढायचा, कडी ओढायची, कुलूप अडकवायचं, चावी उशीखाली. रातपाळीवाल्यांच्या घरी बाहेरून कुलूप ही रीतच आहे. रात्रभर लूमवर उभं राहून सकाळी यायचं, डोळा लागतो न लागतो तोच भाजीवाला, भंगारवाला, भिशीच्या बायका, सगळ्यांची बोटं आमच्याच बेलवर. म्हणून आमची धुरपदा मला जेवू घालायची आणि म्हणायची, "निजा आते गुपचूप. मी कुलूप लाई जास." कुलूप लावून ती गच्चीवर बायकांमध्ये, उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड हो, घालायला, एरवी नुसत्या गप्पांना. जन्म गेला असा. बिल्डिंगमधलं शेंबडं पोरगंसुद्धा तिला ओळखायचं, आणि मला? मला कोणी बघितलेलंच नाही! मी उठणार दिवेलागणीला, डबा घेतला की चाललो लूमवर.

मागच्या दिवाळीआधी गावी गेली असताना धुरपदा वारली.

आता तुम्ही विचाराल, मग आता कुलूप कशाला? बेल वाजवणारे तिच्यासाठी यायचे, तुमच्याकडे कोण येतंय? खरंय हो. पण ते खट्ट वाजल्याशिवाय झोपच येत नाही, त्याला काय करू? म्हणून मीच हात बाहेर काढतो.

तर साहेब आले. मी जागाच होतो. उठणार, तेवढ्यात समोरच्या चंचलबेन बाहेर आल्या. इथं कोण राहतं म्हणून साहेबांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मासी रहती थी, साब. अब नहीं रही." आणि मग जी गाडी सुटली त्यांची! मासीनं त्यांच्या सुनेचं बाळंतपण कसं केलं, खापरावरचे मांडे शिकवताना त्यांची बोटं कशी भाजली आणि मासी कशी पोट धरून हसली... साहेब बिचारे पेन धरून उभे. आणि गाणी म्हणे काय गायची मासी! बिबडे घालताना अहिराणी गाणी, अशी खणखणीत की खालच्या मजल्यावरच्या बाया हातातलं काम टाकून वर यायच्या.

गायची? धुरपदा? तुम्हाला सांगतो, मी उठून बसलो. एवढा संसार केला, माझी बायको गाते हे मला ठाऊक नाही! घरात कधी गुणगुणलीसुद्धा नाही. कशी गुणगुणेल? मी झोपलेला ना!

साहेबांनी विचारलं, आणि मासीचा नवरा? "था कोई. रात को निकलता था. गाँव चला गया होगा."

मी आत होतो हो! हाक मारायची एवढंच काम होतं. पण हाक मारली असती तर चंचलबेन गप्प झाल्या असत्या ना... धुरपदेचं नाव इतक्या महिन्यांत कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. म्हटलं, अजून एक सांगतील. तोंडावर चादर धरून ऐकत बसलो, आणि साहेब लिहून निघूनही गेले.

मुलगा कुंदन पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये आहे, तो फोनवर ओरडला, पप्पा, घर जाईल, आवाज तर द्यायचा! बोर्डाच्या ऑफिसात साहेब म्हणाले, "अंदर थे तो बोले क्यों नहीं?" आता काय सांगू त्यांना? म्हटलं, झोप लागली होती साहेब.

हातापाया पडलो तेव्हा साहेब पुन्हा आले. त्या दिवशी दार सताड उघडं टाकून, अंगात इस्त्रीचा शर्ट घालून मी सकाळपासून खुर्चीवर. चंचलबेननी मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "आप ही मासी के वो?" म्हटलं, मीच तो. साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली. लीज वाढली, चांगली तीस वर्षं! एवढी वर्षं मी काय करणार, ते बोर्डाला माहीत.

तेव्हापासून कुलूप लावणं बंद म्हणजे बंद. पाळीवरून येतो, दार उघडं टाकतो आणि पडतो. म्हटलं, चंचलबेन डोकावतील, एखादं गाणं सांगतील. भाजीवाला तरी बेल वाजवेल. पण या घरात कोणी नसतं, हे त्यांच्या अंगवळणीच पडलंय हो. भाजीवाला समोरची बेल वाजवतो आणि पुढे जातो.

जन्मभर म्हणत होतो ना, मेलं कोणी सुखानं झोपू देत नाही? आता देतात.