वीरभद्रप्पाची जीप लई खाती

सोलापूरच्या एसटी स्टँडावर होटगीच्या गाडीसाठी रांग लागली होती. माझ्यापुढं वीरभद्रप्पा आणि त्यांची बायको बसव्वा. तेवढ्यात त्यांच्या गावचा जोतीराम आला.

"आप्पा, जीप इकताय म्हनं? मी घेतो की."

वीरभद्रप्पांनी बसव्वाकडं बोट दाखवलं. "ही इकतीया, मी न्हाई. तू घिऊ नगंस, लई खाती. होटगी-सोलापूर एक खेप मारली की अर्धी टाकी रिकामी."

"अवो, काल तर म्हनत हुता, नुसत्या वासावर पळती!"

"काल मालक म्हनून बोललो. आज दोस्त म्हनून सांगतोय."

"पर आप्पा, वड्यातनं निघती का?"

"निघती की! चिखल असू दे, दगूड असू दे, वाघासारखी चढती! पर खाती रं. पेट्रोल महागल्यापास्नं मी बैलं जुपून सडकंपतुर वढत न्हेतो, मग इंजन चालू करतो."

"मग इकून टाका की! जीप दारात, आनि तुमी दोगं यष्टीच्या रांगंत!"

"आरं, पेट्रोल राखून ठिवलंय. गड्ड्याच्या जत्रंला हिला फुडच्या शिटावर बसवून मिरवत न्यायचंय."

बसव्वानं पदर सावरला. गाडी लागली तशी म्हणाली,

"जोतीराम भावजी, खरंच लई खाती ती. तुमी नगा घिऊ."